स्पीकर बदलण्याआधी खोली मोजा

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर नावाचे गाव आहे. भोवती काळी जमीन, शेतांत कापूस, तूर आणि सोयाबीन. तिथे आमचे एक स्नेही राहतात. उभा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवण्यात घालवला. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू.

निवृत्तीच्या पैशांतून गुरुजींनी एकच चैन केली. घराच्या मागे गाणे ऐकण्यासाठी एक स्वतंत्र खोली बांधली आणि तीत स्टिरिओ स्पीकरची उत्तम, आणि अर्थातच महाग, जोडी आणून ठेवली. यामागे एक कारण होते. गुरुजींचे वडील भजनी मंडळात गात असत. १९८४ साली कुणीतरी त्यांचे भजन कॅसेटवर उतरवून घेतले होते. वडील गेल्यावर ती कॅसेट जपून ठेवली गेली आणि पुढे पुतण्याने ती संगणकावर घेतली. तो आवाज नीट ऐकायचा, एवढीच गुरुजींची इच्छा होती.

पंधरा दिवसांतच त्यांचा फोन आला. "सर, स्पीकर फसले. बाबांचा आवाज विहिरीतून आल्यावानी येऊन राहिला. शब्दच कळत नाहीत." दुकानदाराने जोडी निम्म्या किमतीत परत घेऊन त्याहून मोठी जोडी देण्याची तयारी दाखवली होती. त्यासाठी आणखी बरेच पैसे घालावे लागणार होते, आणि आठवड्याभरात होकार कळवायचा होता. आम्ही दोघे भौतिकशास्त्राचे शिक्षक. मोजपट्टी, वही आणि मोबाइल घेऊन आम्ही अल्लीपूरला गेलो.

अंगणातला प्रयोग

खोली देखणी होती. लांबी १८ फूट, रुंदी १२ फूट, उंची १० फूट. गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी, काचेच्या खिडक्या. जागा वाचावी म्हणून स्पीकर दोन कोपऱ्यांत सरकवलेले. ऐकणाऱ्याची खाट समोरच्या टोकाला, मागच्या भिंतीला टेकून. आम्ही खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवली. टाळी संपली तरी तिचा आवाज बराच वेळ खोलीत रेंगाळत राहिला.

मग भजन लावले. वरच्या सुरांत शब्द एकमेकांत मिसळत होते. आवाज मंद्र सप्तकात उतरला की एका ठरावीक सुरावर खोली घुमू लागे. आजूबाजूच्या सुरांवर तसे होत नव्हते.

दोष स्पीकरचा की खोलीचा, हे ठरवण्यासाठी आम्ही सोपा उपाय केला. रात्री गाव शांत झाल्यावर दोन्ही स्पीकर उचलून अंगणात आणले आणि तेच भजन तेवढ्याच आवाजात लावले. उघड्या अंगणात भिंती नाहीत, छप्पर नाही. स्पीकरमधून निघालेला आवाज एकदाच कानाशी येतो आणि पुढे निघून जातो. खालचे सूर थोडे पातळ झाले, पण घुमणे नाहीसे झाले आणि शब्द स्पष्ट ऐकू आले. आतापर्यंत दारात उभ्या असलेल्या वहिनी पायरीवर येऊन बसल्या. म्हणजे स्पीकर निर्दोष होते.

खोलीत बसून आपण जे ऐकतो त्यात स्पीकरकडून थेट आलेला आवाज थोडा असतो. भिंती, छत आणि फरशी यांवरून परतलेला आवाज बहुतेक वेळा त्याहून जास्त असतो. त्यामुळे आपण स्पीकर विकत घेतो तेव्हा अर्धी वस्तूच विकत घेतो. उरलेली अर्धी, म्हणजे खोली, आपल्या घरी आधीपासून असते.

साबिन यांच्या गाद्या

हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने सोडवणारे पहिले गृहस्थ म्हणजे वॉलेस साबिन. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले होते आणि त्यात बोललेले कुणालाच कळत नव्हते. हा दोष दूर करण्याचे काम साबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्यांनी ऑर्गनच्या नळीचा सूर वाजवून थांबवला आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजला. तो सुमारे साडेपाच सेकंद भरला. एवढ्या वेळात बोलणारा दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला असतो, आणि ते सगळे शब्द एकमेकांवर चढतात.

मग साबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणल्या. थोड्या गाद्या ठेवायच्या, वेळ मोजायची, पुन्हा थोड्या वाढवायच्या. हे काम रात्री चाले, कारण दिवसा शांतता मिळत नसे. गाद्या वाढत गेल्या तसा आवाज लवकर विरू लागला. या मोजमापांतून त्यांना एक सूत्र सापडले. आज ते असे लिहितात:

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

आवाजाची पातळी ६० डेसिबलने खाली येण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ त्याच्या शोषणांकाने गुणून सगळ्यांची बेरीज केली की एकूण शोषण मिळते. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचा शोषणांक १. गिलाव्याचा आणि फरशीचा जेमतेम ०.०३. म्हणजे शंभरातला सत्त्याण्णव भाग आवाज भिंत परत करते.

गुरुजींच्या खोलीचे घनफळ ६१.३ घनमीटर भरले आणि सगळ्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर. शोषण झाले ९६ × ०.०३ = २.९. सूत्रात घातल्यावर रिकाम्या खोलीचा निनादकाल आला ३.४ सेकंद. माणूसही आवाज शोषतो. एका माणसाचे सुमारे ०.४५ चौरस मीटर धरले तर आम्ही चौघे आत बसल्यावर शोषण ४.७ झाले आणि निनादकाल २.१ सेकंदांवर आला. गाणे ऐकण्याच्या घरगुती खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा.

इथे कुणी विचारील की मोठ्या संगीत सभागृहांचा निनादकाल तर दोन सेकंदांच्या जवळ असतो आणि तिथले संगीत गोड लागते, ते कसे? साबिन यांच्याच सल्ल्याने बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली सुरू झाले आणि आजही ते जगातल्या उत्तम सभागृहांत गणले जाते. उत्तर असे की तिथे वाद्ये समोर वाजत असतात. ध्वनिमुद्रणात मात्र जिथे गायन झाले त्या जागेचा निनाद आधीच उतरलेला असतो. त्यावर आपल्या खोलीने स्वतःचा निनाद चढवला की लिहिलेल्या पाटीवर पुन्हा लिहिल्यासारखे होते.

खोलीचे स्वतःचे सूर

मंद्रातल्या त्या एका सुरावर खोली का घुमत होती? दोरीचे एक टोक बांधून दुसरे ठरावीक गतीने हलवले की दोरीवर स्थिर तरंग दिसतो, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये हवेचेही तसेच होते. पहिल्या स्थिर तरंगाची वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. दुसऱ्याची तिच्या दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट.

३० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर असतो. १८ फूट म्हणजे ५.४९ मीटर. त्या दिशेने पहिला सूर आला ३१.८ हर्ट्झ, दुसरा ६३.६ आणि तिसरा ९५.४. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. त्या दिशेने पहिला सूर ४७.७ आणि दुसरा ९५.४! लांबी आणि रुंदीचे प्रमाण बरोबर ३:२ असल्यामुळे लांबीचा तिसरा सूर आणि रुंदीचा दुसरा सूर एकावर एक आले होते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये म्हणजे १३८.६ हर्ट्झला असेल, तर त्याचा मंद्र मध्यम ९२.५ हर्ट्झच्या आसपास येतो. बाबांचा आवाज तिथे उतरला की खोली त्यात आपला सूर मिसळत होती. गुरुजींनी वहीतला हिशेब दोनदा तपासला आणि म्हणाले, "गणिताच्या मास्तरनं खोली बांधली आन् गणितच चुकलं."

चूक सुधारण्यासाठी भिंत पाडावी लागली नाही. झोपाळ्याला फळीपाशी धक्का दिला तर तो झुलतो, वर कडीपाशी दिला तर हलत नाही. स्थिर तरंगाचेही असेच आहे. भिंतीशी हवेच्या दाबातला चढउतार सर्वांत जास्त असतो, तर मधल्या काही जागी तो जवळजवळ शून्य असतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खोलीच्या प्रत्येक स्थिर तरंगाला बरोबर फळीपाशी धक्का देतो. भिंतीला टेकलेल्या खाटेवर कान असले की ते घुमणे पुरेपूर ऐकूही येते. ९५.४ हर्ट्झच्या सुरासाठी १८ फुटांच्या लांबीत शून्याच्या जागा येतात ३, ९ आणि १५ फुटांवर. १२ फुटांच्या रुंदीत येतात ३ आणि ९ फुटांवर.

म्हणून आम्ही दोन्ही स्पीकर समोरच्या भिंतीपासून ३ फूट आणि बाजूच्या भिंतींपासून ३-३ फूट अंतरावर आणले. दोन स्पीकरमध्ये ६ फूट अंतर राहिले. ऐकणाऱ्याची जागा दोघांपासून तेवढ्याच अंतरावर, समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला ठेवली. ती समोरच्या भिंतीपासून सव्वाआठ फुटांवर आली. दारे, खिडक्या आणि सामान यांमुळे या जागा थोड्या सरकतात, म्हणून वीतभर मागेपुढे करून पाहावे लागते. घुमणे बरेच कमी झाले. खर्च शून्य.

कापसाच्या मुलखात

आता रेंगाळणारा आवाज. साबिन यांना गाद्या उसन्या आणाव्या लागल्या होत्या. अल्लीपूरला ती अडचण नव्हती. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात थेट इंग्लंडच्या बाजारात नावाजलेला होता. पोकळ, गुंतलेल्या धाग्यांमध्ये हवा अडखळते आणि घर्षणाने ध्वनीची ऊर्जा उष्णता बनते, म्हणून कापूस हा ध्वनी शोषणारा उत्तम पदार्थ आहे. दुकानात मिळणारा खास फेस घेण्याची गरज पडली नाही.

हिशेब असा मांडला. भिंती, छत आणि फरशी २.९. चार माणसे १.८. जमिनीवर ८ चौरस मीटर कापसाची गादी, शोषणांक ०.५ धरून ४. पुस्तकांनी भरलेली फडताळे ४ चौरस मीटर, ०.३ ने १.२. जाड, चुणीदार पडदे ५ चौरस मीटर, ०.५ ने २.५. लाकडी चौकटीत चार इंच जाडीची रुई भरून वर खादीचे कापड ताणलेले ९.५ चौरस मीटर, ०.८ ने ७.६. एकूण २०. निनादकाल आला ०.४९ सेकंद.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. कापूस पेट घेतो, म्हणून चौकटी विजेच्या तारा आणि देवाचा दिवा यांपासून लांब हव्यात. दुसरे असे की पातळ शोषक खालच्या सुरांना दाद देत नाहीत. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटर असते. चार इंचांची गादी तिचे फारसे वाकडे करू शकत नाही. तिथे स्पीकरची जागाच कामी येते.

स्पीकर कसा निवडावा

खोली मोजून झाली की मग स्पीकर. आज वापरात असलेल्या बहुतेक स्पीकरची रचना १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला शंकूसारखा पडदा. वेटोळ्यातून बदलती वीज गेली की पडदा मागेपुढे होतो आणि हवा ढकलतो. १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीतली हवाच पडद्यामागची स्प्रिंग म्हणून वापरली आणि लहान पेटीतून खोल सूर काढून दाखवले. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकला, म्हणजे ही हवेची स्प्रिंग हाताला कळेल.

खालच्या सुरांना पडद्याला फार कष्ट पडतात. आवाज तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून २० हर्ट्झपर्यंत उतरणारे स्पीकर अवाढव्य आणि महाग असतात. आपल्याला त्यांची गरज आहे का? काळी एकमध्ये जुळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला असते. कंठसंगीत, तबला, तंबोरा हेच ऐकायचे असेल तर ५० हर्ट्झपर्यंत सरळ उतरणारा स्पीकर पुरेसा आहे. वरच्या टोकाचेही तसेच. तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतात, साठीनंतर ही मर्यादा बहुधा १०-१२ हजारांवर किंवा त्याखाली येते. ४०,००० हर्ट्झच्या जाहिरातीसाठी गुरुजींनी जादा पैसे मोजणे व्यर्थ.

वॅटचा आकडाही फसवा असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, ती स्पीकरची संवेदनक्षमता. घरगुती स्पीकरची ८७ च्या आसपास असते, देवळावरच्या कर्ण्याची १०५ च्या आसपास. हा १८ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत सुमारे ६३ पट. म्हणून छोट्या यंत्रावरचा कर्णा शिवारभर ऐकू जातो, मात्र त्याला खालचे सूर पेलत नाहीत आणि आवाज चिरका लागतो. खोलीत सरासरी एखाद्या वॅटवर काम भागते, तबल्याच्या जोरकस थापेला क्षणभर त्याच्या वीस-तीस पट लागते. पेटीवर छापलेले हजारांचे आकडे पाहून भुलू नये.

खरी कसोटी कानाची, पण झाकल्या डोळ्यांची. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात अशा अनेक चाचण्या घेतल्या. स्पीकर पडद्याआड असताना बहुतेक श्रोत्यांची पसंती एकसारखी निघे. सगळ्या वारंवारता सारख्या जोराने, खड्डे-उंचवटे न ठेवता देणारे स्पीकर त्यांना आवडत. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर उघड आणि पडद्याआड असे दोन्ही प्रकारे ऐकवले. दिसू लागताच आकार, किंमत आणि नाव यांचे वजन मतांवर पडले. घरी हा प्रयोग पातळ सुती साडी आडवी टांगून करता येतो. दोन्ही जोड्यांचा आवाज मात्र मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त चांगला भासतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते. ऐकायला परिचित माणसाचा बोलण्याचा आवाज घ्यावा. आपल्या माणसाच्या आवाजातला खोटेपणा कान लगेच पकडतो.

जन्माला पुरावा म्हणून

पडद्याच्या कडेची लवचीक पट्टी कशाची आहे ते विचारा. फेसाची पट्टी दमट, उष्ण हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन पडते. रबराची किंवा कापडाची त्याहून कितीतरी अधिक टिकते. पेटी भुशाच्या दाबलेल्या फळीची असेल तर ओल आणि वाळवी यांपासून जपा, जमिनीपासून उंच ठेवा. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाने वाळतात, ते बदलून मिळतील का ते पाहा. ज्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आणि बिनतारी जोडणी आतच असते ते सोयीचे खरे, पण आतले इलेक्ट्रॉनिक भाग जुने झाले की चांगला पडदाही निरुपयोगी ठरतो. दीर्घकाळासाठी साधा, तारेने जोडायचा स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर बरा. एक बिघडले तरी दुसरे राहते.

गुरुजींनी दुकानदाराला नकार कळवला. महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा भिंतींवर खादीच्या चौकटी लागल्या होत्या. भजन लावले. कॅसेटची खरखर होतीच. मुद्रणात जे उतरले नाही ते कोणताही स्पीकर देऊ शकत नाही. पण टाळ उजवीकडे, खंजिरी डावीकडे, आणि मध्ये बाबांचा आवाज, शब्दन् शब्द उमटणारा. कडवे संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा शब्द कळले."

निघताना गुरुजींनी एक प्रश्न विचारला, तो आम्ही वाचकांपुढे ठेवतो. "मी ज्या वर्गात शिकवलं तिथं तर गादीही नव्हती. मागच्या बाकावरच्या पोरांना काय ऐकू येत असंल?" वर्गखोलीचा निनादकाल ०.६ सेकंदांहून जास्त नसावा असे आता मानले जाते. उघडा गिलावा, फरशी आणि उंच छत असलेला वर्ग मुलांनी भरलेला असला तरी अनेकदा याच्या पुढे जातो. मागच्या बाकावरच्या मुलाचे लक्ष नाही असे म्हणण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी, वरचे सूत्र फळ्यावर लिहावे आणि आपल्या वर्गाचा निनादकाल मुलांकडूनच काढून घ्यावा. तो जास्त निघाला तर मागच्या भिंतीवर काय टांगायचे, हेही त्यांनाच विचारावे.